घरात इतके देव, मग तुमचं जमतं कसं?

‘वडील माळकरी, सासू यल्लम्माची, नवरा सोमवार-गुरुवार पाळणारा आणि तुम्ही कशालाच हात न जोडणाऱ्या. मग घरात भांडणं होत नाहीत का?’ बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या निपाणीत लग्नाच्या मांडवापासून बँकेच्या रांगेपर्यंत कुठंही मला हे विचारतात. विचारणाऱ्यांत अलीकडं नुकतं लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या मुलीच जास्त असतात. तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच सांगते.

भांडणं होतात. फक्त कशावरून करायची, ते मी लग्न झाल्या झाल्या ठरवून टाकलं. देव आहे की नाही, विठोबा मोठा की यल्लम्मा, यावर मी घरात तोंड उघडत नाही. असल्या वादानं कुणाचं मन पालटलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. पण एकाच्या मानण्यापायी दुसऱ्याला सोसावं लागणार असेल, तर मी गप्प बसत नाही. मग समोर आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, असोत की माहेरचे आबा.

आमच्याकडची म्हाई, म्हणजे देवीची जत्रा, तुम्हाला माहीत असेल. पहिल्या दिवशी देवीला गोडा नैवेद्य, पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी खारा. देवळाच्या आवारात बळी द्यायला कर्नाटकात १९५९ पासून कायद्यानं बंदी आहे, तेव्हा बोकड घरामागं नाही तर रानात कापतात, आणि दुपारपर्यंत गल्लीभर रश्श्याचा वास सुटतो. पै-पाहुण्यांनी घर भरतं. आणि माझे आबा तुळशीची माळ घातलेले, मटण शिजतं त्या घरी पाणीही न घेणारे.

लग्नानंतरच्या पहिल्या म्हाईला आबा आले आणि भरल्या पंगतीत बोलले, ‘जीव मारून देव पावत नसतो.’ ताटावर बसलेल्या माणसांचे हात थांबले. मी त्यांना बाहेर नेलं. म्हटलं, ‘आबा, हे कीर्तनात सांगा, मी समोर बसून ऐकीन. इथं ताटं वाढलीत.’ आबा रागावले, बरेच दिवस आमच्या उंबऱ्याला आले नाहीत. पुढच्या म्हाईच्या आधी महिनाभर मी आत्तींशी बोलले. खाऱ्याची चूल परसात तीन दगडांवर मांडायची, स्वयंपाकघरात त्या दिवशी मटण आणायचं नाही. आबांनी गोड्या दिवशी यायचं आणि मुक्काम न करता परत जायचं. आबांसाठी पितळेचा तांब्या आणि एक पळी आत्तींनी स्वतःहून वेगळी काढली. ती आजही खुंटीला टांगलेली असते, आणि नळी फोडून खाणाऱ्या आमच्या आत्तीच पोरांवर ओरडतात, ‘आबांच्या तांब्याला हात लावू नका रे!’ बळीबद्दल दोघांचं मत होतं तेच आहे.

म्हणून नव्या सुनांना मी सांगते, बोलायचं ते चूल पेटायच्या आधी बोला.

पण सगळंच असं चूल वेगळी मांडून सुटत नाही.

नणंदेची मुलगी तेव्हा चौथीत होती. बरेच दिवस तापानं अंथरुणाला खिळलेली, केसांना ना तेल ना फणी. उठली तेव्हा मानेजवळ केसांचा गुंता घट्ट चिकटलेला. आत्तींनी पाहिलं, भंडारा लावला आणि म्हणाल्या, ‘जट आलीय. आईनं बोलावलंय हिला.’

या भागात त्या वाक्याचं काय होत आलंय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. जट आलेली पोरगी यल्लम्माला सोडायची, तिच्या गळ्यात मोती बांधायचे, आणि पुढं तिचं आयुष्य कुणाच्याही हातात. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा, १९३४ साली, देवदासींसाठी कायदा झाला. कर्नाटकानं १९८२ साली मुली सोडण्यावर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा केला. आमच्या घरात पोर सोडायची भाषा कुणीच करत नव्हतं, आत्ती तर मुळीच नाही. पण जटेला कात्री लावायची नाही, ही भीती पक्की होती. म्हणजे पोरीनं ते ओझं मानेवर वागवायचं, उवा सोसायच्या, शाळेत शेजारी कुणी बसेना हेही सोसायचं.

इथं मी भांडले. यल्लम्मा खोटी आहे, असं चुकूनही बोलले नाही. आत्तींना विचारलं, ‘कापली तर कुणाचं वाईट होतं?’

‘कापणाऱ्याचं.’

‘मग मी कापते. जे काय व्हायचं ते माझं होऊ दे.’

त्या काही बोलल्या नाहीत. कित्येक दिवस घरात कामापुरतंच बोलणं. नणंद बिचारी आईकडं बघायची, मग माझ्याकडं. मी रोज संध्याकाळी पोरीला पुढ्यात घेऊन खोबरेल मुरवायची, मोठ्या दातांच्या फणीनं कडेचे केस सोडवायची. बरेच सुटले. मधला गड्डा मात्र वाळल्या चिखलासारखा टणक झाला होता, तो ब्लाऊज कापायच्या कात्रीनं कापावा लागला. खाली कातडी लाल झाली होती, पुळ्या उठल्या होत्या. आत्तींनी ते पाहिलं आणि आतून हळद घेऊन आल्या.

कापलेली जट यल्लम्माच्या डोंगरावर आईला वाहायची, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी हो म्हटलं. माघी पौर्णिमेला त्यांच्याबरोबर सौंदत्तीला गेले, ‘उदं गं आई उदं’च्या गर्दीत त्यांचा हात धरून रांगेत उभी राहिले. काहीजणी म्हणतात, म्हणजे शेवटी तुम्ही मानलंतच. मानलं नाही. पोरीची मान मोकळी झाली होती, मला तेवढंच हवं होतं. डोंगर आत्तींचा होता.

पुढच्या पावसाळ्यात मला टायफॉईड झाला. गल्लीत कुजबुज सुरू झाली. आत्ती दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘गल्लीत चौघी आजारी हाईत. चौघींनी जट कापलीती व्हय?’

ही बाई आजही परडी भरते, जोगवा मागते. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरेंना गोळ्या घातल्या, ऑगस्टमध्ये धारवाडात एम. एम. कलबुर्गींना. दोघंही अंधश्रद्धेविरुद्ध उघड बोलणारे. आमचं निपाणी त्याच महामार्गावर, दोघांच्या मध्ये. कलबुर्गींची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आत्तींनी मला जवळ बसवून सांगितलं, ‘घरात माझ्याशी काय बी बोल. बाहेर जपून.’ मला जपावंसं त्यांना वाटलं, याचं मोल मला फार आहे.

मैत्रिणींच्या बाबतीतही मी असंच वागते. एक लिंगायत मैत्रीण आहे. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं लिंगायत हा वेगळा धर्म मानावा, अशी शिफारस केंद्राकडं केली आणि तिच्या घरात बाप-लेकाचं बोलणं तुटलं. बाप म्हणे आपण वीरशैव, हिंदूच. लेक म्हणे बसवण्णांचा धर्म वेगळाच. ती मला म्हणाली, ‘तू सांग कोण बरोबर.’ मी निकाल दिला नाही. जेवायला गेले आणि दोघांनाही म्हटलं, मला समजावून सांगा. एकमेकांवर खेकसणारी माणसं तिसऱ्याला समजावताना किती नीट बोलतात! केंद्रानं शिफारस मान्य केली नाही, वादही मिटला नाही, पण त्या रात्रीपासून दोघं एका पंगतीत जेवतात.

फोनवरच्या फॉरवर्डचं मात्र वेगळं. आमच्याकडं मोहरमचे पंजे कित्येक गावांत हिंदू घरंही उचलतात, आणि त्याच गावांतली माणसं सकाळी मुसलमानांबद्दल वाट्टेल ते पुढं पाठवतात. तिथं मी दर वेळी एवढंच विचारते, ‘हे कुठल्या गावचं? कुणी पाहिलं?’ नात्यातले दोघं-तिघं त्यामुळं माझ्यावर नाराज आहेत. राहू देत. असल्या मजकुरानं उद्या कुणाच्या तरी दुकानावर दगड पडू शकतो.

राहिला तुमचा नेहमीचा प्रश्न, आरतीला उभं राहायचं का? मी राहते. हात जोडत नाही, हे पहिल्याच गणपतीत आत्तींना सांगून टाकलं होतं. उपास धरत नाही, पण इतरांसाठी साबुदाणा भिजवते. पाळीत बाजूला बसायला मात्र मी ठाम नकार दिला, आणि नणंदेच्या मुलीलाही बसू देत नाही. यावर आत्तींचं आणि माझं एकमत नाही. यंदा मार्गशीर्षात डोंगराला जायचंय, पोरगी आता मोठी झालीय. पाळीच्या तारखा तेव्हाच आल्या तर तिला न्यायचं की नाही, हा विषय मी दिवाळीच्या आधीच काढलाय. आत्तींनी अजून उत्तर दिलेलं नाही.