आमची वाटचाल: सोळा कप्प्यांचं एक खोकं

आमच्या फर्ममध्ये आम्ही चौघं आहोत. ज्यांना स्वतःची सर्व्हर रूम परवडत नाही अशा छोट्या कंपन्यांचे हिशेब, ईमेल, फाइल्स आणि डेटाबेस आमच्या खोलीतल्या यंत्रांवर चालतात. सुरुवातीला टेबलाखाली दोन टॉवर सर्व्हर होते. दोन वर्षांत त्यांचे रॅकमधले, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायच्या लोखंडी मांडणीतले, अकरा झाले. काम वाढत होतं आणि आम्ही खूश होतो, पण रॅकचा मागचा दरवाजा उघडला की पोटात गोळा यायचा.

एका सर्व्हरला दोन वीजवायरी आणि चार नेटवर्क केबली, म्हणजे अकरा सर्व्हरांच्या मागे 66 वायरी. कितीही लेबलं लावली तरी सहा महिन्यांत निम्मी गळून पडत. महिनाअखेरच्या एका संध्याकाळी बिघडलेल्या सर्व्हरची म्हणून मी एक वायर काढली आणि शेजारचा, चालू असलेला सर्व्हर बंद पडला. एका ग्राहकाची पगारपत्रकं त्याच वेळी तयार होत होती. फोन मीच उचलला. ब्लेडचा, म्हणजे एकाच खोक्यात शेजारी शेजारी बसणाऱ्या पातळ सर्व्हरांचा, विचार आमच्याकडे खऱ्या अर्थाने त्या रात्री सुरू झाला. जागा वाचवणं हा हेतू नव्हताच. वायरी कमी करायच्या होत्या.

कल्पना नवी नव्हती. आरएलएक्स टेक्नॉलॉजीजने 2001 मध्येच 3यू उंचीत 24 ब्लेड बसवले होते (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप, एक यू म्हणजे पावणेदोन इंच). आयबीएमचं ब्लेडसेंटर 2002 मध्ये आलं, त्यात 7यू उंचीत 14 ब्लेड बसत. आम्हाला मिळालं ते एचपीचं सी7000, जे 2006 मध्ये बाजारात आलं होतं. एका मोठ्या कार्यालयाने नवी यंत्रणा घेतल्यावर हे एन्क्लोजर, म्हणजे ब्लेड बसवायचं खोकं, आठ ब्लेडांसह विकायला काढलं होतं. नवं घेणं आमच्या आवाक्याबाहेर होतं, जुनं झेपत होतं.

ज्यांनी असं यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 10यू उंचीचं एक मोठं खोकं. पुढून अर्ध्या उंचीचे सोळा ब्लेड बसतात, वरच्या ओळीत 1 ते 8 आणि खाली 9 ते 16. प्रत्येक ब्लेड म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असलेला पूर्ण सर्व्हर, फक्त त्याला स्वतःचा पंखा नाही आणि स्वतःचा वीजपुरवठाही नाही. ते दोन्ही खोक्याचे: तळाशी सहा पॉवर सप्लाय, मागे दहा पंखे. मागेच नेटवर्क आणि स्टोरेजची मॉड्यूल्स बसवायला आठ जागा आहेत. मधोमध मिडप्लेन नावाची पाटी असते. ब्लेड आत ढकललं की ते त्या पाटीला जोडलं जातं, वेगळी वायर लावावी लागत नाही. सगळ्यावर देखरेख ठेवायला ऑनबोर्ड ॲडमिनिस्ट्रेटर नावाचं छोटं मॉड्यूल असतं. आम्ही त्याला नुसतं ओए म्हणतो.

पूर्ण भरलेलं हे खोकं 200 किलोच्या पुढे जातं. ते तसंच उचलायचा प्रयत्न कोणी करू नये. आम्ही आधी ब्लेड, पंखे, पॉवर सप्लाय, मॉड्यूल्स असं सगळं बाहेर काढलं, प्रत्येकावर कप्प्याचा क्रमांक चिकटवला आणि रिकामा सांगाडा चौघांनी उचलून रॅकच्या अगदी तळाशी बसवला. जड वस्तू वर बसवली तर रॅक पुढे कलंडू शकतो. क्रमांक चिकटवण्याचा उपयोग नंतर कळला. डिस्क असलेले ब्लेड आपापल्या जागी परत गेले, त्यामुळे कुठलं कुठे याचा शोध घ्यावा लागला नाही.

खरी मेहनत मात्र वीज आणि हवेची होती, आणि याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण खोक्यावर पैसे घालवून विजेवर काटकसर करणारे लोक मी पाहिले आहेत. काही काळ मीही त्यातलाच होतो.

आमच्या खोक्यातला एक पॉवर सप्लाय 2250 वॅट देतो. 230 व्होल्टवर तो पूर्ण भारात अकरा अँपिअरच्या आसपास ओढतो. म्हणून त्याची वायर नेहमीच्या संगणकाची नसते, 16 अँपिअरची सी19 जोडणी लागते, आणि प्रत्येकाला वेगळी एमसीबी हवी. एका बाजूचे सप्लाय अ लाइनवर आणि दुसऱ्या बाजूचे ब लाइनवर, म्हणजे एक लाइन गेली तरी दुसरीवर सगळं चालू राहतं. मी कागदावर तसं काढून दिलं होतं. वायरिंगला आलेल्या इलेक्ट्रिशियन काकांनी सॉकेट मोजले, बोर्डापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "साहेब, सॉकेट दोन बाजूंना दिलेत खरे, पण दोन्ही एकाच यूपीएसमधून निघतायत. तो बसला तर दोन्ही बसतील." कागदावरच्या दोन लाइन प्रत्यक्षात एकच होत्या. दुसरा यूपीएस येईपर्यंत आम्ही तीन आठवडे थांबलो. त्या काकांचे उपकार मी आजही मानतो.

हवेचा हिशेब सोपा आहे, पण तो करावा लागतो. यंत्राने ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता बनते. एक वॅट म्हणजे ताशी 3.41 बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं एकक). 4.5 किलोवॅट भार धरला तर ताशी सुमारे 15,350 बीटीयू होतात, आणि एक टनाचा एसी ताशी 12,000 बीटीयू काढतो. म्हणजे एक टन पुरणार नाही, दीड टन जेमतेम पुरेल, आणि तो एकच असेल तर बिघडल्यावर काय? आम्ही दोन बसवले. खोक्यात हवा पुढून शिरते आणि मागून तापून बाहेर पडते, म्हणून थंड झोत रॅकच्या पुढे हवा. आमचा पहिला एसी थेट रॅकच्या पाठीवर वारा सोडत होता, तो हलवावा लागला.

पहिल्यांदा सगळं सुरू केलं तेव्हा दहा पंखे एकदम पूर्ण वेगात फिरले आणि खोलीत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. ओए सुरू झाल्यावर त्याने वेग आवरता घेतला. ओएचा मूळ पासवर्ड मॉड्यूलबरोबर आलेल्या चिठ्ठीवर असतो आणि जुन्या मालात ती चिठ्ठी मिळणं नशिबाचा भाग. आम्हाला मिळाली नाही. सिरियल केबल लावून, रीसेटचं बटण दाबून धरून तो नव्याने घालावा लागला. जुनं एन्क्लोजर घेणाऱ्याने सिरियल केबल आधीच हाताशी ठेवावी आणि जोडणीचा वेग 9600 ठेवावा.

पुढच्या मांडणीतला एक निर्णय आम्हाला पुढे फार उपयोगी पडला. प्रत्येक ब्लेडच्या देखरेखीचा पत्ता ब्लेडला न देता कप्प्याला दिला. कप्पा 1 चा पत्ता 101, कप्पा 16 चा 116. ब्लेड बदललं तरी पत्ता तोच राहतो. मागच्या व्हर्च्युअल कनेक्ट मॉड्यूल्समुळे नेटवर्कची ओळखही, म्हणजे मॅक पत्ते, कप्प्याच्या प्रोफाइलला बांधता आली. दोन महिन्यांनी कप्पा 5 मधल्या ब्लेडचा बोर्ड गेला. आम्ही राखीव ब्लेडमध्ये त्याच्या डिस्क घातल्या, ते त्याच कप्प्यात ढकललं आणि सुरू केलं. नेटवर्कला काही बदललंय याची दादही नव्हती. पूर्वीच्या रॅकमध्ये याच कामाला अर्धा दिवस जायचा.

नेटवर्कची जोडणी शिकायला वेळ लागला. अर्ध्या उंचीच्या ब्लेडवरच्या मूळ दोन पोर्टांच्या वाटा मागच्या 1 आणि 2 या जागांना जातात. पहिल्या मेझानाइन कार्डाच्या (ब्लेडमध्ये वरून बसवायचं जादा जोडणीचं कार्ड) 3 आणि 4 ला, दुसऱ्याच्या 5 ते 8 ला. या वाटा मिडप्लेनमध्ये कायमच्या कोरलेल्या आहेत, आपण बदलू शकत नाही. आमच्या सहकाऱ्याने फायबर चॅनलचं, म्हणजे स्टोरेजला जोडणारं, कार्ड दुसऱ्या मेझानाइनमध्ये बसवलं, मॉड्यूल मात्र 3 आणि 4 मध्ये. स्टोरेज दिसेना म्हणून दीड दिवस केबली बदलल्या, स्विच तपासले. शेवटी तक्ता समोर ठेवल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. तो तक्ता आता रॅकच्या दारावर आतून चिकटवलेला आहे.

आता त्या रात्रीबद्दल.

आमच्याकडे पॉवर सप्लाय चारच होते, अ लाइनवर दोन आणि ब लाइनवर दोन. एक लाइन गेली तरी चालावं या पद्धतीने ओए हिशेब धरतो तेव्हा चारपैकी दोघांचीच ताकद मोजतो, म्हणजे 4500 वॅट. प्रत्येक ब्लेड सुरू होण्याआधी ओएकडे वीज मागतं आणि शिल्लक असेल तरच परवानगी मिळते. अकरावं ब्लेड घातलं तेव्हा ते सुरूच होईना. पडद्यावर कारण स्वच्छ लिहिलेलं होतं: पुरेशी वीज उपलब्ध नाही. ग्राहकाला दुसऱ्या दिवशी सेवा सुरू करून द्यायचा शब्द दिला होता. प्रत्यक्ष वापर तर 4500 च्या बराच खाली दिसत होता. मी सेटिंगमध्ये जाऊन राखीव विजेचा हिशेब बंद केला. ब्लेड लगेच सुरू झालं. मग बारावं, मग तेरावं. दोन सप्लाय मागवायचं ठरलं होतं, ते पुढे ढकललं गेलं.

साडेचार महिन्यांनी मध्यरात्रीनंतर ब लाइनची एमसीबी पडली. बॅकअप चालू होते, म्हणजे सगळी ब्लेडं कामात होती आणि भार 4.8 किलोवॅटच्या घरात. उरलेल्या दोन सप्लायवर तो सगळा आला. ते दोन्ही बसले आणि तेरा सर्व्हर एकाच क्षणी बंद झाले. जुन्या रॅकमध्ये माझ्या चुकीने एक सर्व्हर बंद पडला होता, इथे तेरा. एकत्र बांधलेल्या यंत्राची ही दुसरी बाजू आहे, आणि ब्लेड घेणाऱ्या प्रत्येकाने ती घेण्याआधीच समजून घ्यावी.

पहाटे चारपर्यंत अकरा सर्व्हर परत उभे राहिले. दोन ग्राहकांचे डेटाबेस बिघडले होते, ते आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून आणावे लागले, म्हणजे त्यांचं एका दिवसाचं काम गेलं. सकाळी मी सर्वांना स्वतः फोन केले आणि यंत्रावर न ढकलता सांगितलं की यंत्राने नकार दिला होता, मी तो बाजूला सारला. एका ग्राहकाने काम काढून घेतलं. त्याचा राग रास्त होता. दुसऱ्या एका ग्राहक ताई म्हणाल्या, "पुन्हा होणार नाही असं म्हणू नका, काय बदललंत ते कळवा." तेव्हापासून आम्ही प्रत्येक बिघाडानंतर ग्राहकांना लेखी कळवतो.

बदललं ते असं. सहाही सप्लाय बसवले, अ वर तीन, ब वर तीन, आणि राखीव विजेचा हिशेब पुन्हा सुरू केला. आता मर्यादा 6750 वॅट. ती सेटिंग एकट्याने बदलायची नाही, दोघांच्या सहीशिवाय नाही. आणि दर तीन महिन्यांनी, ग्राहकांना आधी कळवून, आम्ही मुद्दाम एक लाइन बंद करतो आणि दहा मिनिटं पाहतो. पहिल्या चाचणीच्या वेळी माझा हात एमसीबीवर बराच वेळ तसाच राहिला होता. त्या चाचणीत एक सैल सी19 सापडली. चाचणी घेतली नसती तर ती कधी सापडली असती, देव जाणे.

रोजच्या कामातलं थोडं. रिकाम्या कप्प्यात झाकण हवंच. मेमरी वाढवायला दोन ब्लेड काढून आम्ही कप्पे दुपारभर उघडे ठेवले होते, तर हवा तिथूनच पळत राहिली, शेजारची ब्लेडं तापली आणि पंखे ओरडायला लागले. खोलीचं तापमान आम्ही पुढच्या बाजूला मोजतो आणि 18 ते 27 अंशांच्या आत ठेवतो. फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर, एकेक सुटं बदलत नाही. ओए, मॉड्यूल्स आणि ब्लेड यांचा एकमेकांशी जुळणारा संच पाहूनच बदलतो, तेही दोन्ही नेटवर्क मॉड्यूल्सपैकी एका वेळी एकच, आणि पहिलं परत उभं राहिल्याची खात्री झाल्यावर दुसरं. ओए दोन आहेत, एक कामावर आणि एक राखीव. कामावरचा काढला तरी ब्लेडं चालूच राहतात. हे मी नव्या मुलांना प्रत्यक्ष करून दाखवतो, म्हणजे त्यांची भीती जाते.

आज मागच्या वायरी सव्वीसवर आल्या आहेत आणि प्रत्येकीचं लेबल जागेवर आहे. पण यंत्र म्हातारं होतंय हेही खरं. हल्लीचा 2यू उंचीचा एक सर्व्हर आमच्या चार-पाच जुन्या ब्लेडांचं काम आभासी मशीनवर सहज करतो, तेही कमी विजेत. म्हणून नवे ग्राहक आम्ही अशा तीन सर्व्हरांवर घेतो आणि जुन्यांना एकेक करून तिकडे हलवतोय. नवं एन्क्लोजर घेणार का, असं बरेच जण विचारतात. सोळा कप्पे भरण्याइतकं काम हातात असेल तर मी पुन्हा घेईन, सहा-सातासाठी नाही. चार ब्लेडांसाठीसुद्धा खोक्याचे पंखे, दोन लाइन आणि देखभाल तेवढीच लागते.

सध्या नऊ ब्लेड चालू आहेत. गेल्या महिन्यात कप्पा 12 रिकामा झाला, त्यात झाकण बसवलं. पुढच्या शनिवारी सकाळी सात वाजता अ लाइन बंद करायची आहे. ग्राहकांना सूचना गेल्या आहेत.