वाळूत ओल किती होती?

जानेवारीतली गोष्ट. शिष्यवृत्ती परीक्षा महिन्यावर आली होती आणि आमच्या पाचवीच्या सरांनी सकाळी आठपासून जादा तास सुरू केले होते. मुलं स्वेटरच्या बाह्यांत हात लपवून बसायची, सर मात्र फळ्यापाशी घामाघूम. असा शिक्षक मिळायला नशीब लागतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून ते चुकीचे आणि बाकी आम्ही सगळे शहाणे, असं कुणाला वाटायला नको.

त्या सकाळी त्यांनी माझ्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, टेबलावर एक सराव पेपर ठेवला. दुसरा पेपर, तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी, ७५ प्रश्न, १५० गुण. बॅचमधल्या पहिल्या नंबरच्या मुलीचा. "मॅडम, हा आकृत्यांचा प्रश्न माझ्याकडनंच चुकीचा छापला गेला. बरोबर उत्तर पर्यायांत नाहीच. उत्तरं सांगताना गडबडीत मी 'दोन' म्हणून गेलो. हिनं दोनचाच गोल रंगवलाय, आणि खाली बघा, खोडरबरानं कागद पातळ झालाय." आणखीही काही गोल तसेच होते. मुलं आपापला पेपर आपणच तपासायची, त्यामुळं वाव होता.

सरांचं म्हणणं सरळ होतं. बॅचमधून काढतो, बाकीच्यांना वचक बसेल, तुम्ही फक्त हो म्हणा.

मी आधी मुलीला बोलावलं. बराच वेळ ती फरशीकडं बघत उभी. मग म्हणाली, "सर वर्गात सारखं सांगत्यात, हिचं कधी चुकत न्हाई. मग चुकलं तर काय करू?"

हे ऐकलं आणि प्रशिक्षणात ऐकलेला एक प्रयोग आठवला. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं संशोधन, १९९८ मध्ये छापून आलेलं, आणि मुलं नेमकी पाचवीचीच. कोडी सुटल्यावर काहींना सांगितलं 'तू हुशार आहेस', काहींना 'तू मेहनत घेतलीस'. पुढं अवघड कोडी दिली. 'हुशार' म्हटलेली मुलं लवकर नाउमेद झाली, नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागं पडली. आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायचे होते, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून लिहिले. प्रशिक्षणात हे ऐकून आम्ही माना डोलावल्या होत्या, चहा घेतला होता, 'चुकांतून शिकूया' असं पोस्टर घेऊन परत आलो होतो. पोस्टर पाचवीच्याच भिंतीवर आहे. त्याच्या शेजारी सरांची गुणानुक्रमे यादी, पहिली पाच नावं लाल शाईनं.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर बैठक लावली. मुलीचे वडील कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, लोखंड ओतायच्या फौंड्रीत वाळूचे साचे करायला (मोल्डिंगला) आहेत. पहिली पाळी करून आलेले, नखांत काळी वाळू तशीच. सरांनी पेपर पुढं केला. वडिलांनी तो नीट बघितला, प्रत्येक खोडलेल्या गोलावर बोट ठेवून.

"चूकच हाय पोरीची. घरी गेल्यावर बोलतो मी तिच्याशी. पण सर, रागवू नका, एक विचारू? आमच्यात कास्टिंग रिजेक्ट झालं तर लोखंडाला कोण शिव्या देत न्हाई. ब्लोहोल, म्हंजी हवेची पोकळी, दिसला की पहिली वाळू बघत्यात. ओल किती हुती, हवा भाईर पडायला वाट ठेवलीती का. वाळूत पाणी जास्त झालं तर कितीबी चांगला रस ओता, वाफ आत अडकणारच. ते कास्टिंग परत भट्टीत जातंय, त्याचं काय न्हाई. पण वाळू तशीच ठेवली तर दुसरं बी तसंच निघतंय."

दुसरीच्या बाई पटकन म्हणाल्या, "आपण तर दुसरीपासूनच हुशार मुलं पुढच्या बाकावर बसवतो." आणि मग बैठक पेटली.

सर उठून उभे राहिले. त्यांचं बोलणं इथं पूर्ण देणं मला भाग आहे, कारण त्यात खोट नव्हती. "वेशीवर फ्लेक्स लागतो म्हणून गावातली चार पोरं इंग्लिश मीडियमच्या बसमधून उतरून आपल्याकडं येतात. पट त्या फ्लेक्सवर टिकलाय. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, हे मी सांगायला पाहिजे का? निकाल लागला नाही तर मला कोण विचारणार? तुम्हीच ना, मॅडम?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मुख्याध्यापिकेनं निर्णय द्यावा आणि सुटावं. यादी भिंतीवरून काढा म्हटलं असतं तर सरांनी ती काढली असती, आणि लाल शाईची पाच नावं त्यांच्या बोलण्यात राहिली असती.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. आमची मुलं २६ जूनच्या भाषणात हे घडाघडा म्हणतात. हुकमानं मूल शाळेच्या दारात आलं, आणि त्या काळी हुकूमच हवा होता. आत आल्यावर गुरुजी त्याच्याकडं कुठल्या नजरेनं बघतात, ते परिपत्रकात बसत नाही. हार्वर्डचे रोनाल्ड हायफेट्झ नेतृत्वाबद्दल लिहिताना हाच फरक करतात. काही प्रश्न जाणकारानं सोडवायचे असतात, काही ज्यांचे त्यांनीच, सवयी बदलून. वरच्यानं दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला पहिल्याचं औषध दिलं की गाडं बिघडतं. माणसं बदलाला घाबरत नाहीत, बदलात जे हातचं जाणार त्याला घाबरतात, हेही त्यांचंच म्हणणं. सरांचं काय जाणार होतं ते त्यांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं.

म्हणून मी एवढंच म्हणाले की यंदाच्या निकालाचा जाब सरांना एकट्याला कुणी विचारणार नाही, तो माझ्या नावावर. मुलगी बॅचमध्ये राहील. वाळूचं काय करायचं ते सरांनी शुक्रवारपर्यंत सांगावं, बाकीच्यांनी आपापल्या वर्गाचं. दोघंतिघं नाराज होऊन गेले. एक जण जाताना पुटपुटले, "मग मुख्याध्यापक कशाला असतो?" प्रश्न रास्त आहे.

सरांनी भिंतीवरची यादी काढली नाही. लाल शाई बंद केली, पेपर स्वतः तपासायला घेतले आणि प्रत्येकाला एक वही दिली. प्रश्न कुठं अडला, का अडला, दुसऱ्यांदा कसा सुटला, एवढंच त्यात लिहायचं. जादा तास हवा त्याला खुला केला. मागच्या बाकांवरची काही मुलं आली, त्यांतली काही थंडीला कंटाळून गेली. मेहनतीचं नुसतं कौतुक करून भागत नाही, अडलेल्याला दुसरी रीत दाखवावी लागते, हे सर माझ्याआधी शिकले. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर झालेला मोठा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. 'बुद्धी वाढते' हे तासाभरापेक्षा कमी वेळात शिकवल्यावर मागं असलेल्या मुलांचे गुण साधारण शून्य ते चारच्या मोजपट्टीवर सरासरी ०.१ नं वाढले, आणि तेही मुख्यतः जिथं सोबतची मुलं अवघडाला हात घालणारी होती तिथं. एवढंसंच. पोस्टरवाल्यांनी हा आकडा कधी सांगितला नव्हता.

ती मुलगी शिष्यवृत्तीला पात्र ठरली, गुणवत्ता यादीत आली नाही. सरांना ते अजून लागतं, आणि आधीच्या पद्धतीनं आली असती, असं ते मला तोंडावर म्हणतात. फ्लेक्सवरून तर आमचं दर वर्षी वाजतं. यंदा त्यांनी फोटोंची संख्या वाढवायची सूचना आणली आहे, जादा तासाला शेवटपर्यंत आलेल्या सगळ्यांचे. खर्च कुणी करायचा यावर बैठक अडली आहे.