तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी खरी असते ना?

"वहिनी, एवढ्या स्वस्तात मिळते, ती गोळी खरी असते ना?" ओपीडीबाहेरच्या बाकावर हे मला इतक्यांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

ह्यांना २०१४ मध्ये सीएमएल निघाला, रक्ताचा कर्करोग. औषध इमॅटिनिब. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज रात्री जेवण झाल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर. एकही दिवस चुकवायचा नाही. "किती दिवस?" मी विचारलं. "सध्या कायमची असंच धरा," डॉक्टर म्हणाले. पहिल्या महिन्याच्या गोळ्या आम्ही दवाखान्याच्या दारातल्याच मेडिकलमधून घेतल्या. ८,२०० रुपये. माझा पगार तेव्हा २२ हजार. वारज्याला पोचेपर्यंत रिक्षात मी त्या आकड्याला बारानं गुणत होते.

तिसऱ्या महिन्यात बाकावर शेजारी बसलेल्या भोरच्या एका काकांनी खिशातून त्यांचं बिल काढून दाखवलं. तीच गोळी, तीच कंपनी, सदाशिव पेठेतल्या होलसेलच्या दुकानातून ३,१०० ला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तिथे गेले. आमची जुनी स्ट्रिप आणि त्यांची नवी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. नाव तेच, रंग तोच, छापील किमतही तीच! फरक होता तो दुकानदारानं छापील किमतीतून किती सोडले एवढाच. एमआरपीच्या वर घेता येत नाही. खाली किती यायचं ते त्याच्या मनावर. आजारी माणसाच्या घरचे घासाघीस करत नाहीत, आणि त्याचेच पैसे होतात. मला आजही याची चीड येते. कर्करोगाच्या औषधांवरचं मार्जिन इतकं सुटलं होतं की २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारला ४२ औषधांवर ३० टक्क्यांची वेसण घालावी लागली.

पण होलसेलचा भाव ही अर्धीच गोष्ट झाली. मूळ गोळी नोव्हार्टिसची, ग्लिवेक. तिचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता. कंपनीला तिच्या एका नव्या स्फटिकरूपावर भारतात पेटंट हवं होतं. आपल्या पेटंट कायद्यातलं कलम ३(ड) सांगतं की माहीत असलेल्या औषधाचं नुसतं रूप बदललं आणि गुण वाढला नाही, तर पेटंट नाही. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या खटल्यात कंपनीविरुद्ध उभी राहिली, आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं पेटंट नाकारलं. म्हणूनच इथल्या कंपन्यांना तेच औषध स्वस्तात करून विकता येत राहिलं. ह्यांचं निदान त्यानंतर वर्षभरानं झालं. निकाल उलटा लागला असता तर आमचं घर विकूनही किती महिने निघाले असते, हा हिशेब मी एकदा मांडला होता. पुन्हा मांडला नाही.

आता तुमचा प्रश्न. बिलाशिवाय मी एकही स्ट्रिप घेत नाही. बिलावरचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी स्ट्रिपवरच्याशी दुकानातच ताडून बघते. खरी परीक्षा मात्र रक्ताची: बीसीआर-एबीएल, म्हणजे रक्तात हा आजार किती उरलाय ते सांगणारी तपासणी. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी करायचो. तो आकडा ०.१ टक्क्याच्या खाली आला, त्या दिवशी हे काही बोलले नाहीत, नुसता कागद घडी करून खिशात ठेवला. डोळ्यांखाली सूज असते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. पण हे आहेत.

सगळ्यांचं असं होत नाही, तेही सांगते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना फुप्फुसाच्या कर्करोगासाठी ओसिमर्टिनिब लिहून दिलंय. पेटंटचं औषध, होलसेलला जाऊनही भाव फारसा हलत नाही. २०२४ च्या बजेटमध्ये त्यावरची कस्टम ड्यूटी काढली, तरी साध्या घराला ते पेलण्यासारखं नाही. त्यांना मी सदाशिव पेठेचा पत्ता काय देणार? दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाकडे घेऊन गेले आणि कंपनीची मदत योजना आहे का, ते विचारायला लावलं. फॉर्म भरलाय, उत्तराची वाट बघतोय.

मी बुधवारी ओपीडीला असते. तुमचं बिल आणि रिकामी स्ट्रिप घेऊन या. टाकून देऊ नका ती.