पुरणयंत्र: मोटर अखेर प्रदक्षिणेला लागली

काल रात्री पावणेअकराला पाव किलो डाळीचं पुरण साडेतीन मिनिटांत जाळीखाली उतरलं. पातं एकदाही वर चढलं नाही! आप्पा, कोल्हापूरकर आणि नागपूरकर, यंत्रावर माझ्याबरोबर खपणारे तिघंही ओट्याशी उभे होते. शेवटचा गोळा खाली पडला तेव्हा आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता हे यंत्र झालं."

मागची नोंद वाचलेल्यांना सांगाडा माहीत आहे. घरचं स्टीलचं पुरणयंत्र, त्यावर लाकडी चौकट, चौकटीत जुन्या बाजारातून आणलेली गाडीची वायपर मोटर, दांडा खाली, आणि मोटर व पातं यांच्यामध्ये दोन दांडे जोडणारं लव्हजॉय कपलिंग. हळू वेगाची तार जोडली की मिनिटाला ४२ फेरे पडतात (दांड्याला लाल चिकटपट्टी लावून मोजले). कपलिंगमधल्या रबरी तुकड्याला आमच्यात आता सगळेच 'चांदणी' म्हणतात. दुकानात मी चुकून "चांदणी आहे का?" विचारलं, तर काउंटरवरच्या काकांनी न बिचकता खोक्यातून तीच काढून दिली. हा शब्द टिकणार.

अडलं होतं ते पात्यापाशी. पुरण गरम असेपर्यंत ठीक, जरा निवलं आणि घट्ट झालं की पातं त्याच्यावरून सरकायचं, दांड्यासकट बोटभर वर यायचं आणि खाली पुरण जिथल्या तिथे. हाताने फिरवताना असं का होत नाही? सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मी फक्त फिरवते गं." मग यंत्र स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि त्यांना पुरण वाटायला लावलं. आकडा दोन किलोच्या पुढे जाऊन तिथेच वरखाली होत राहिला. म्हणजे फिरवता फिरवता हात दोन-सव्वादोन किलोने दाबत होता आणि इतक्या वर्षांत ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. मला हा प्रयोग फार आवडला. तुमच्याही घरी करून बघा.

त्यावर उपाय म्हणून दांड्यावर स्प्रिंग चढवली. आप्पा तिला 'कमान' म्हणतात, घड्याळाची कमान असते तशी. कोल्हापूरकरांचं म्हणणं, कमान म्हणजे दारावरची, गोल वळ्यांच्या तारेला कमान कसं म्हणायचं? यात अर्धा तास गेला, आणि स्प्रिंगने तर तीन संध्याकाळी खाल्ल्या. मऊ स्प्रिंग घेतली तर पातं चढायचंच. कडक घेतली तर मोटर ९ अँपिअर ओढायची आणि तिला वीज देणारा सप्लाय उचक्या द्यायला लागायचा: चालू, बंद, चालू, बंद. सप्लायवर १० अँपिअर छापलंय, पण ७ च्या पुढे त्याचा भरवसा नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत सप्लाय घेताना वजन हातात तोलून घ्या, हलका लागला तर ठेवून द्या. माझं तरी आता असं ठाम मत झालंय.

रविवारी मी स्प्रिंगचा नाद सोडून पाट्या लिहायला बसले. बटणापाशी दोन दिशा लिहायच्या होत्या, कारण अडकलेली डाळ मोकळी करायला उलटी फिरवण्याची सोय ठेवली होती. मी 'सुलट' आणि 'उलट' लिहिणार होते.

आप्पा म्हणाले, "सव्य आणि अपसव्य लिही. शुद्ध शब्द आहेत."

नागपूरकर म्हणाला, "आप्पा, अर्जुनाला सव्यसाची काहून म्हणतात मग? डाव्या हातानंबी बाण मारायचा म्हणून ना? मंग सव्य डावं का उजवं?"

आप्पांनी क्षणभर विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "दोन्ही अर्थ आहेत." म्हणजे बटणावर चालणार नाही. त्यांनी लगेच राज्यव्यवहारकोशाचा दाखला दिला: शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय करून घेतले, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, मग आपल्याला एका बटणाला शब्द सापडू नये? कोल्हापूरकर डिसमिस फिरवत म्हणाले, "आप्पा, शब्द सापडंल की. पण ही चौकटीची बिजागरी आहे न्हवं, ती बी पोर्तुगीज. ह्यो घमेला, ती परात, त्यो पिंप, सगळं त्येंचंच. काय अडलं का आपलं?" (नागपूरकर त्याच डिसमिसला पेचकस म्हणतो. तो वाद अजून चालू आहे.)

शेवटी शब्द सुचला आप्पांनाच: 'प्रदक्षिणा'. देव उजव्या हाताला ठेवून चालायचं. देवळात गेलेल्या कोणालाही दिशा समजावून सांगावी लागत नाही. सगळ्यांना पटला. मी खडूने लिहायला घेतलं, तेवढ्यात नागपूरकरने विचारलं, "पण वरून पाहून का खालून पाहून?"

माझा हात तिथेच थांबला. मोटर टेबलावर तपासली तेव्हा तिचा दांडा माझ्याकडे तोंड करून होता. त्या वेळी ती प्रदक्षिणेच्या दिशेने फिरत होती आणि मी वहीत तसंच लिहून ठेवलं होतं. चौकटीत तीच मोटर दांडा खाली करून बसवली. वरून पाहिलं तर आता ती उलटी फिरत होती! आणि पात्याला जो बाक दिलेला असतो तो एकाच दिशेने पुरण खाली दाबतो. उलट्या दिशेने तोच बाक पुरणाखाली शिरतो आणि पात्याला वर उचलतो. तीन संध्याकाळी मी स्प्रिंगने पातं खाली दाबत होते आणि मोटर ते वर ढकलत होती.

तारांची अदलाबदल केली. ज्यांना हे करायचंय त्यांनी एक ध्यानात ठेवा: गाडीत या मोटरचं अंग ऋण टोकाला जोडलेलं असतं, तारा उलटवल्या की अंगावर धन टोक येतं. माझी चौकट लाकडी आहे आणि चांदणीमुळे खालचा दांडा मोटरपासून वेगळा राहतो. मल्टीमीटर लावून खात्री केली, मगच भांडं ठेवलं. लोखंडी चौकट असेल तर आधी मोटरखाली नायलॉनची पट्टी घाला.

आता कडक स्प्रिंगची गरजच उरली नाही. निवलेल्या पुरणालाही ४ अँपिअरच्या वर जात नाही.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. मऊ स्प्रिंग तरी कशाला? मोटर चौकटीला घट्ट न बसवता दोन ड्रॉवर चॅनलवर उभी सरकती ठेवली तर? कंसासकट तिचं वजन १ किलो ६०० भरलं. ती स्वतःच्या भाराने खाली येत राहील, भांडं भरलेलं असो की रिकामं, दाब तेवढाच. सासूबाईंच्या हाताच्या जवळ जाणारं हेच आहे. कमी पडलं तर वर अर्ध्या किलोचं माप ठेवता येईल. उद्या बोहरी आळीतून १० इंची चॅनलची जोडी आणते. स्वस्तातली घेणार नाही, त्यातल्या गोळ्या महिन्याभरात खडखडतात.

मोटरमधल्या ग्रीसचा थेंब पुरणात जाऊ नये म्हणून कपलिंगच्या वर स्टीलची ताटली भोक पाडून बसवली आहे. तिचं नाव 'थेंबथाळी', हा शब्द माझा आणि आप्पांनी तो एका दमात मान्य केला! मोटरच्या आत फिरणाऱ्या, स्क्रूसारखे आटे असलेल्या वर्म गिअरलाही आप्पा 'मळसूत्र' म्हणायला लागलेत, आणि तो हातात धरून बघितल्यावर मलाही तोच बरोबर वाटतो.

शनिवारी दोन किलो डाळीची चाचणी. कट आमटीला नागपूरकर नेणार आहे. चॅनल धातूचे, म्हणून मोटरखाली घालायला कोणाकडे ८ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा तुकडा पडून असेल तर कळवा, तळहाताएवढा पुरे.