डाव्या हाताचा कलमचाकू

पावसाळा लागला की दापोलीकडे ग्रिल-गेटची कामं थंडावतात. त्या दिवसांत वर्कशॉपला येतात ती फुटकळ कामं: फवारणी पंपाचा दांडा, कोयत्याची मूठ, आणि रोपवाटिकांतले कलमाचे चाकू. कृषी विद्यापीठानं कोय कलमाची (आंब्याच्या कोयीच्या कोवळ्या रोपाला चीर देऊन त्यात चांगल्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची) पद्धत रुळवली तेव्हापासून जून ते ऑगस्ट हा इकडे कलमं बांधण्याचा हंगाम. बांधणारी माणसं रोजंदारीची, त्यात बायका पुष्कळ.

त्यांतल्याच एक मावशी भर पावसात चाकू घेऊन आल्या. "धार टिकत नाय याची. मालक बोलतो तुझी कलमं मरतात जास्त. जगलेल्याचेच पैसे देतो तो."

मी धार नखावर लावून बघितली. उत्तम होती. म्हटलं, इथं कापून दाखवा. कुंपणाच्या जास्वंदीची पेन्सिलएवढी काडी तोडून दिली. मावशींनी काडी उजव्या हातात धरली आणि चाकू डाव्यात घेतला.

तिथंच सगळं कळलं. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगानं असते. एक बाजू सपाट, दुसरीला उतार. कापताना सपाट बाजू काडीला चिकटून सरकली पाहिजे, म्हणजे पाचरीचा काप आरशासारखा सपाट येतो. बाजारातला चाकू उजव्या हाताच्या हिशोबानं घासलेला. तो डाव्या हातात गेला की उलटतो, उतार काडीवर येतो आणि पातं वर उचललं जातं. मावशींचा काप मी उजेडात धरला. मधे खोलगट, कडेला लाट. अशी पाचर रोपाच्या चिरेत बसवली की मधे फट राहते. सालीच्या आतला हिरवा थर एकमेकांना लागत नाही, मग वरून पट्टी कितीही आवळा. काडी चार दिवस हिरवी दिसते आणि काळी पडते.

"तुम्ही डावखुऱ्या आहात हे मालकाला माहितेय?"

"त्याचा काय संबंध?" मावशी म्हणाल्या. लहानपणी डाव्या हातानं जेवल्याबद्दल मार खाल्ला होता, पण चाकू मात्र कुणी उजव्या हातात दिला नाही, असं हसत सांगून झालं.

डाव्या हाताचा कलमचाकू आमच्या बाजारात मी तरी पाहिलेला नाही. त्या दुपारी दुसरं काम नव्हतं. म्हटलं, थांबा, करूनच देतो.

बरेच जण अशा वेळी ट्रकच्या कमानपाट्याकडे धावतात. कोयत्याला पाटा झकासच, पण तो भट्टीत घालायचा, ठोकायचा, पाणी द्यायचं. दीड-दोन मिलिमीटरच्या पात्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आमच्या भंगारात पॉवर हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापायच्या मशीनच्या करवतीची, दात गेलेली पाती पडून असतात. ती मुळातच कडक. ठोकायचं काही नाही, फक्त घासून आकार काढायचा. मात्र आधी ठिणगी बघायची. साध्या कार्बन पोलादाची ठिणगी पिवळट-पांढरी, टोकाला फुलणारी. हायस्पीडची, म्हणजे तापलं तरी कडक राहणाऱ्या हत्यारी पोलादाची, लालसर, विरळ, जवळजवळ न फुटणारी. काही पात्यांना हायस्पीड फक्त दातांच्या कडेला जोडलेलं असतं आणि पाठ साधी, म्हणून ठिणगी पाठीच्या बाजूनंही बघायची. तिसरं पातं मनासारखं निघालं, पाठीपर्यंत हायस्पीड.

हायस्पीड पाचशे अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही, त्यामुळे ग्राइंडरवर कड निळी पडली तरी जीव घाबरा होत नाही. घाबरायचं ते हातोड्याला. हे पोलाद काचेच्या जातीचं, ठोकलं की तडकतं. साधं ड्रिलही त्यात जात नाही. पण पात्याच्या टोकाला मशीनवर अडकवायचं भोक आयतं असतं, तेच रिव्हेटला वापरलं. रिव्हेट म्हणजे जुन्या फ्रीजच्या तांब्याच्या नळीचा तुकडा. तांबं लाल करून पाण्यात बुडवलं की पोलादाच्या उलट, मऊ होतं. नळीच्या तोंडावर बेअरिंगचा छर्रा ठेवून हलके ठोके दिले की कड फुलून बसते, आणि मधून दोरी ओवायला वाट राहते.

मुठीचं लाकूड फणसाचं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात शेजाऱ्यांची पडवी बसली, तिचा वासा माझ्याकडे होता. अरल्डाइट लावून शिकंज्यात आवळून ठेवलं आणि तोवर म्यानाकडे वळलो.

चामडं इथल्या पावसात बुरसतं, म्हणून म्यान पीव्हीसी पाइपाचं. नळयोजनेचा उरलेला तुकडा उभा चिरला आणि तव्यावर तापवलेल्या वाळूत पुरला. आच थेट लावायची नाही. पीव्हीसी जळलं तर घशाला झोंबणारा आम्लाचा वायू निघतो, आणि माझ्या शेडला एकच खिडकी आहे. शंभर अंशांच्या आसपास पाइप गरम चपातीसारखा लवतो. पात्यावर कागदाचा एक वेढा देऊन त्याभोवती तो दुमडला आणि दोन फळ्यांमधे दाबून थंड केला. कागद काढला की पातं सैल नाही, घट्ट नाही असं बसतं. तळाला पाणी निघायला भोक, आणि पट्टा अडकवायचा कान डाव्या कमरेच्या बाजूला.

धार शेवटी, दगडावर. उताराची बाजू घासायची. सपाट बाजू दगडावर पूर्ण झोपवून फक्त कडेची बर (घासताना वळलेली बारीक कोर) काढायची. ती बाजू जराही उचलली की एका अंगाचा चाकू संपला. मावशी शेजारी बसून बघत होत्या. हात पुसून त्यांनी चाकू घेतला, जास्वंदीची नवी काडी घेतली आणि एकाच ओढीत काप काढला. दुसऱ्या बाजूचाही. पाचर माझ्या हातावर ठेवली. मी पोलादाची पट्टी तिच्यावर आडवी धरून उजेडाकडे बघितलं. खालून उजेड येत नव्हता.

"मूठ जाडी आहे," मावशी म्हणाल्या. मूठ त्यांच्या हाताच्या मापानं आणखी घासून दिली. हे स्टेनलेस नाही, गंजेल, संध्याकाळी खोबरेल लावायचं, एवढं बजावलं.

गणपतीनंतर त्या धार लावायला आल्या, तेव्हा त्यांची कलमं मालक आता वेगळी मोजत नाही असं कळलं. पैसे जगलेल्यांचेच देतो म्हणा. बातमी मात्र फिरली. बाजारातला एक डावखुरा शिंपी कात्रीसाठी विचारून गेला. कात्री माझ्याच्यानं होणार नाही, हे त्याला तिथल्या तिथे सांगून टाकलं.