कोचने इटली: रोम ते व्हेनिस

इटलीच्या ग्रुप टूरचा रस्ता बहुतेक ठरलेला असतो. लाझिओ प्रांतातलं रोम, उंब्रियातलं असिसी, टस्कनीत सिएना, पिसा, फ्लॉरेन्स आणि मग अ‍ॅपेनाइन्सचे डोंगर ओलांडून व्हेनेतोत व्हेनिस. काही कंपन्या उलटीकडून नेतात, गावं तीच. पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या दोन तक्रारी हमखास असतात: वेळ पुरला नाही आणि पाय मोडले. दोन्हींचं मूळ कोचच्या नियमांत आहे, म्हणून ते आधी.

कोच कधी सुटणार, याचा निकाल ड्रायव्हरसमोरच्या टॅकोग्राफवर, म्हणजे गाडी किती तास चालली याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर लागतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला एकूण ४५ मिनिटांची विश्रांती द्यावीच लागते. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा फार तर १०. दोन दिवसांच्या मध्ये ११ तास सलग आराम. तो ९ तासांवर आणता येतो, पण आठवड्यात मोजक्याच वेळा. म्हणजे रात्री साडेनऊला गाडी लागली, तर सकाळी साडेआठच्या आत ती सहसा हलणार नाही. दुपारी काही मंडळी चामड्याच्या पट्ट्यांच्या खरेदीत रमून अर्धा तास उशिरा आली, तर तो अर्धा तास संध्याकाळच्या कार्यक्रमातूनच कापला जातो. टूर मॅनेजरशी हुज्जत घालून उपयोग नाही. हायवेवर कोचला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे मोबाइलवरच्या नकाशाने रोम ते फ्लॉरेन्स तीन तास दाखवले, तरी थांब्यासकट चार धरा. सीटबेल्ट लावायचाच. टॉयलेट असलं तरी ते बहुधा बंद ठेवतात.

दुसरी गोष्ट चालण्याची. जुन्या गावांच्या मध्यभागी कोचला मज्जाव असतो. पिसाला कोच व्हिया पिएत्रासांतीनाच्या पार्किंगमध्ये थांबतो. तिथून मनोरा किलोमीटरभर लांब, जाऊन-येऊन दोन. सिएना आणि असिसी टेकडीवर वसलेली, म्हणजे गाडीतून उतरल्यापासून चढ. काही ठिकाणी सरकते जिने आहेत, पण ते ग्रुपच्या वाटेवर असतीलच असं नाही. रोममध्ये सांपिएत्रिनी, म्हणजे काळ्या दगडाचे ओबडधोबड चौकोन. पावसात त्यांवरून पाय घसरतो. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी घडीची काठी न्यावी. नवे बूट निघण्याआधी महिनाभर रोज घालून मुरवा.

माहितीपत्रक वाचताना तीन शब्दांवर बोट ठेवा. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे खाली उतरून दहा-पंधरा मिनिटं. ‘पॅनोरामिक टूर’ म्हणजे खिडकीतून. आत जायचं असेल तर ‘प्रवेशासह’ असं लिहिलेलं हवं. कोलोसियम पुष्कळदा फक्त बाहेरून असतं. आत जायचं असेल तर तिकिटावर नाव असतं आणि ते ओळखपत्राशी ताडून बघतात, म्हणून बुकिंगच्या वेळी नाव पासपोर्टप्रमाणेच द्या. वारही तपासा. व्हॅटिकन संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, फ्लॉरेन्सची उफिझी आणि अकादेमिया ही कलादालनं सोमवारी बंद. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असली की सेंट पीटर्स चर्चमध्ये जाता येत नाही. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. पर्समध्ये एक ओढणी ठेवली की काम भागतं.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण रुसवेफुगवे तिथेच होतात. हायवेवरच्या ऑटोग्रिलमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या थांब्यावर, बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, मग पावती घेऊन बारवर जायचं. थेट कॉफीच्या काउंटरवर गर्दी केली की वीस मिनिटांतली दहा तिथेच जातात. एकाने रांग धरावी, दुसऱ्याने टॉयलेट उरकावं. गावातल्या कॅफेत उभं राहून घेतलेली कॉफी स्वस्त आणि टेबलावर बसलात की महाग. रेस्टॉरंटच्या बिलात ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नाही. शाकाहाऱ्यांसाठी ‘पास्ता अल पोमोदोरो’, म्हणजे टोमॅटोच्या सॉसमधला पास्ता, सर्वांत बिनधोक. सुकी स्पॅगेटी किंवा पेन्ने गहू आणि पाण्याची असते. ताल्यातेल्ले या ताज्या, पट्ट्यांसारख्या पास्त्यात मात्र अंडं असतं. मिनेस्त्रोने सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी मांसाचं असू शकतं. पार्मेजान चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, कडक पाळणाऱ्यांनी ते वरून घालू नका म्हणून सांगावं. घरून भाकरवडी, खाकरा, चटण्या खुशाल न्या. पेढे आणि तूप नको, कारण प्रवाशांना बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवायची गरज नाही. रोमच्या रस्त्यांवरच्या नळांचं पाणी पिण्याजोगं आणि थंडगार असतं. ‘नोन पोताबिले’ (पिण्याजोगं नाही) अशी पाटी दिसली तर मात्र सोडून द्या.

हॉटेलं शहराबाहेर असतात. सिटी टॅक्स, म्हणजे मुक्कामावरचा पालिकेचा कर, पॅकेजमध्ये धरलाय का, हे लेखी विचारा. रोममधल्या चार तारांकित हॉटेलात तो माणशी रात्रीला साडेसात युरो आहे, चार रात्रींचा जोडप्याला ६० पडतो. मोबाइल चार्जरची बारीक दोन पिनांची टोकं तिथल्या सॉकेटमध्ये जातात, आपली जाड तीन पिनांची जात नाहीत.

व्हेनिसचं गणित वेगळं. कोच शहराच्या कडेच्या त्रोंकेत्तो या पार्किंगच्या बेटापर्यंतच जातो, पुढे बोट. सेंट मार्क चौकाजवळच्या धक्क्यावर उतरवतात आणि परतीची वेळ ठरलेली असते. चुकलात तर व्हापोरेत्तोचं, म्हणजे सार्वजनिक बोटीचं, तिकीट स्वतः काढून त्रोंकेत्तो गाठायचं. म्हणून उतरल्या उतरल्या धक्क्याच्या पाटीचा फोटो काढा, सगळे धक्के सारखेच दिसतात. २०२४ पासून गाइडसोबतच्या गटाला २५ जणांची मर्यादा आहे आणि लाउडस्पीकरला बंदी. ४५ जणांच्या कोचचे दोन गट पडतात, आपला गाइड कोणता ते आधी पाहून ठेवा. व्हेनिसमध्ये दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क असतं. मुक्काम जवळच्या मेस्त्रेत असेल तर ते माफ, कारण मेस्त्रे व्हेनिस महापालिकेतच येतं; पण सूट मिळाल्याचा क्यूआर कोड जवळ हवा. पादोवासारख्या बाहेरच्या गावी राहून येणाऱ्यांना वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, आधी भरलं तर ५ आणि ऐनवेळी १० युरो. गोंडोल्याचा दर पालिकेने ठरवलेला आहे: दिवसा ९० युरो, अर्धा तास, पाच जणांपर्यंत. दर माणशी नसून गोंडोल्याचा आहे, तेव्हा पाच जण जमवा.

व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाच्या काचकामाचं प्रात्यक्षिक पाहण्यासारखं असतं, पण ते दाखवून दुकानात नेतात हे लक्षात ठेवा. नको असेल तर बाहेर थांबलात तरी कुणी विचारत नाही. खरेदी केलीच, तर एका दुकानात ७० युरोंच्या वर गेल्यावर करपरताव्याचा फॉर्म मागा. पासपोर्ट लागतो. विमानतळावर त्या कागदाची कस्टम्सची नोंद बॅग चेक-इनला देण्याआधी करून घ्या, कारण वस्तू दाखवा म्हणाले तर ती बॅगेत खाली गेलेली चालत नाही.