आमची वाटचाल : पत्रा, टेंडर आणि बिनतारखेचं चलन

ऑफिसची पत्र्याची कपाटं बनवतो. शिअरिंग, बेंडिंग, स्पॉट वेल्डिंग, पावडर कोटिंग, सगळं एकाच शेडमध्ये. सरकारी कामाची सुरुवातीची वर्षं नीट गेली; त्यात सांगण्यासारखं काही नाही. बुडता बुडता वाचलो ते १२० कपाटांच्या ऑर्डरीत.

टेंडर ०.८ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेल्या) पत्र्याचं. एल-१ चा, म्हणजे सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याचा, दर आमच्यापेक्षा १२ टक्के खाली, म्हणजे जवळजवळ ०.८ आणि ०.७ च्या पत्र्यातल्या फरकाएवढाच. ०.७ वर दोन्ही बाजूंनी ५०-५० मायक्रॉन कोटिंग चढलं की मायक्रोमीटर ०.८ दाखवतो. काट्यावर मात्र हे लपत नाही: चौरस मीटरला ०.८ चा पत्रा ६.२८ किलो भरतो, ०.७ चा साडेपाच. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडचे भांडारपाल शेल्फच्या मागच्या कडेचा रंग पॉलिश पेपरने उडवत आणि मगच माप घेत. असे भांडारपाल किती?

२०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणाप्रमाणे, एल-१ स्वतः सूक्ष्म-लघु नसेल तर, एल-१ पेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला एल-१ च्याच दरात किमान २५ टक्के माल देता येतो. आम्ही ते घेतलं, तिथेच चुकलो. दर ०.७ चा, पत्रा आमचा खरा ०.८. ईएमडी, म्हणजे टेंडर भरतानाची अनामत, माफ असते; परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे काम पुरं करण्याची हमी, नाही. तिचे पैसे बँकेत अडकले ते वेगळेच.

मग बिल अडकलं. चलनावर, म्हणजे मालाच्या पोचपावतीवर, शिक्का होता, सही होती, तारीख नव्हती. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्यात पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा धरतात आणि पेमेंटची ४५ दिवसांची कमाल मुदत तिथून मोजतात. पण पोचल्याचा दिवस कोणता? शेवटी गेटच्या रजिस्टरची नक्कल कामी आली. तेव्हा चलनावर घेणाऱ्याच्या हातानेच तारीख आणि हुद्दा लिहून घ्या, गाडी सोडण्याआधी. लघुउद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर त्या खर्चाची वजावट लांबते, या आयकराच्या ४३बी(एच) कलमाची भीती सरकारी खात्याला घालू नका. खातं आयकर भरतच नाही.

थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज केल्यावर मुद्दल आली. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ असं जे व्याज कायद्यात आहे, त्याचा दावा अजून कौन्सिलपुढेच, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळापुढेच, आहे.